बंद केल्यावर बिघडणारा ओव्हन : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका घरातल्या ओव्हनचं आहे. त्या घराची ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत. यातला बिघाड शोधायला मला दोनदा जावं लागलं. पहिल्या भेटीत मी ओव्हन चालू करून दिला, पण दुरुस्त केला नव्हता. या दोन गोष्टींत केवढा फरक असतो, तो या प्रकरणाने मला शिकवला, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ओव्हन विजेवरचा, कपाटात बसवलेला, म्हणजे बिल्ट-इन. वय सात वर्षं. आत तीन एलिमेंट: वरचा ग्रिलचा २४०० वॉटचा, तळाचा ११०० वॉटचा, आणि मागच्या पत्र्याआड पंख्याभोवती गोल फिरवलेला २००० वॉटचा. वापर भरपूर. आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि तोही दहा-पंधरा मिनिटांचा नाही. तास-सव्वा तास सलग, वरच्या तापमानावर.

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अशा ओव्हनमध्ये पंखे दोन असतात. एक आतला, जो गरम हवा पदार्थाभोवती खेळवतो. दाराच्या काचेतून मागच्या जाळीआड तो फिरताना दिसतो. दुसरा वर, ओव्हनच्या डोक्यावर, बाहेरच्या पत्र्याखाली लपलेला. त्याला आम्ही ब्लोअर म्हणतो. ओव्हनच्या मागे आणि बाजूंना साठलेली गरम हवा ओढून तो पुढे, दार आणि बटणांची पट्टी यांच्यामधल्या फटीतून बाहेर टाकतो. पदार्थाशी त्याचा काही संबंध नाही. वायरी, सर्किट आणि भोवतालचं लाकडी कपाट गरम होऊ नये एवढंच त्याचं काम. म्हणूनच ओव्हन बंद केल्यावरही तो बराच वेळ चालू राहतो.

तक्रार

ताईंचा फोन आला तेव्हा त्यांचे शब्द असे होते: "दादा, लाइट लागतो, पंखा फिरतो, आकडे दिसतात, पण गरमच होत नाही. काल संध्याकाळी अगदी छान चालला होता."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं होतं. मी ऐकलं ते पहिलं.

पहिली भेट

आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. वीज जाऊन आल्यावर काही ओव्हनचं घड्याळ पुन्हा लावावं लागतं. तोवर ते तापायला नकार देतात. काही मॉडेलांत दुकानात मांडून ठेवण्यासाठीचा डेमो मोड असतो, त्यात दिवे-आकडे सगळं चालतं आणि एलिमेंट तेवढे बंद राहतात. चुकून बटणं दाबली गेली की घरातही तो सुरू होऊ शकतो. इथे दोन्ही नव्हतं. सॉकेटला २३२ व्होल्ट, प्लगच्या पिना स्वच्छ, कुठे काळपट डाग नाही.

मग क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून तिच्यातला प्रवाह मोजणारा मीटर. तो अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्यच दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात. त्यासाठी मी फेजची वायर सुटी काढलेलं एक छोटं एक्स्टेंशन जवळ ठेवतो. २००० वॉटचा एलिमेंट २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर ओढायला हवा. मीटरवर अर्धा अँपिअरसुद्धा नव्हता. म्हणजे दिवा आणि पंखा सोडून काहीच चालू नव्हतं.

नॉब फिरवून ग्रिल लावला: थंड. तळाचा लावला: तोही थंड. इथवरचा विचार मला आजही बरोबर वाटतो. एकच एलिमेंट तापत नसेल तर संशय त्या एलिमेंटवर. तिन्ही एकाच दिवशी जात नाहीत. मग तिघांच्या वाटेत सामाईक असलेलं काहीतरी तुटलंय: रिले (एलिमेंटची वीज चालू-बंद करणारा स्विच), एखादी सामाईक वायर, नाहीतर थर्मल कट-आउट.

प्लग काढला, ओव्हन कपाटातून पुढे ओढला, वीज नाही याची मीटरने खात्री केली आणि मागचा पत्रा उघडला. गोल एलिमेंट २७ ओहम, म्हणजे अगदी हवा तसा. २३० व्होल्टचा वर्ग भागिले २००० वॉट, २६.४५ येतात. ग्रिल २२, तळाचा ४८. तिन्ही ठणठणीत. कट-आउटवर मीटर लावला तर वाट तुटलेली. नाण्याएवढा हा पार्ट मागच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेला असतो. आत दोन धातूंची एक वाटोळी चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती पालथी होते आणि सर्किट तोडते. या ओव्हनमधल्याला मध्यभागी छोटं बटण होतं. बोटाने दाबलं. टक असा आवाज झाला आणि मीटर वाजला.

निर्णयाची पहिली जागा

त्या क्षणी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. बटण दाबलंच आहे, तर पत्रा लावून निघायचं. किंवा कट-आउट बदलायचा. किंवा तो पडला, म्हणजे त्याने सर्किट तोडलं, ते कशाने, हे शोधायचं.

मी दुसरी निवडली. कारण असं दिलं की सात वर्षांत या चकत्या थकतात आणि ठरलेल्याहून कमी तापमानालाच पालथ्या होऊ लागतात. हे खोटं नाही, तसं होतं. पण या ओव्हनमध्ये तसंच झालंय याचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. मला सुचलेलं कारण मी सापडलेल्या कारणाच्या जागी बसवलं.

त्याच छापील तापमानाचा नवा कट-आउट बसवला. २०० अंशांवर लावून वीस मिनिटं चालवून पाहिला. क्लॅम्पवर ८.६ अँपिअर. आतला थर्मामीटर व्यवस्थित चढला. ताई खूश, मीही खूश.

निघताना मी विचारलं होतं, "पंखा नीट चालतो ना?" त्या म्हणाल्या, "हो, चालतो की. उलट पूर्वी बंद केल्यावर कितीतरी वेळ घरघरत बसायचा, आता लगेच शांत होतो. बरं वाटतं."

मी विचारत होतो ब्लोअरबद्दल. त्या उत्तर देत होत्या काचेतून दिसणाऱ्या पंख्याबद्दल. आणि वाक्याच्या उत्तरार्धात त्यांनी खरा बिघाड अगदी स्पष्ट शब्दांत सांगून टाकला होता. मी हत्यारं पिशवीत भरत होतो.

दुसरी भेट

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. शब्द जवळपास तेच: "काल चांगला चालला होता, आज लावला तर थंडच."

नवा कट-आउट पडला होता. जुना थकला होता ही माझी समजूत तिथेच संपली. दोन वेगवेगळे पार्ट एकाच जागी पडतात तेव्हा दोष जागेत असतो.

या वेळी मी पत्रा उघडण्याआधी ताईंशी बोलत बसलो. शेवटचं कधी वापरलात? किती वेळ? किती तापमानावर? काम चालू असताना मध्येच कधी गार पडलाय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं, "नाही, कधीच नाही. काढेपर्यंत छान असतो. दुसऱ्या दिवशी लावला की कळतं."

यावर मी थोडा वेळ थांबलो. एलिमेंट तापत असताना कट-आउट पडत असता तर पदार्थ अर्धवट राहिला असता. तो पडत होता ओव्हन बंद झाल्यावर. एलिमेंटमधून वीज जात नसताना. हे उलटं वाटतं, पण आहे साधं. तासभर तापलेल्या ओव्हनच्या पोलादात आणि भोवतालच्या लोकरीसारख्या आवरणात उष्णता भरून राहिलेली असते. बंद केल्यावर ती हळूहळू बाहेरच्या पत्र्याकडे झिरपते. ब्लोअर चालू असेल तर ती फटीतून निघून जाते. ब्लोअर बंद असेल तर मागेच कोंडते, आणि मागचा भाग चालू असतानापेक्षा बंद झाल्यावर जास्त तापतो. कट-आउट बसलेला असतो तो नेमका तिथे.

शक्यता आणि पर्याय

मन ब्लोअरकडे धावत होतं, पण पहिल्या भेटीत याच घाईने फसवलं होतं, म्हणून बाकीच्या शक्यता आधी मोजून बाद केल्या. आतलं तापमानच हाताबाहेर जातंय का? तापमान मोजणारा सेन्सर पीटी १००० जातीचा होता. शून्य अंशांना त्याचा रोध १००० ओहम असतो आणि दर अंशाला साधारण ३.८५ ओहमने वाढतो. खोलीत २७ अंश होते, म्हणजे ११०५ च्या आसपास यायला हवं. मीटरने ११०४ दाखवले. रिले चिकटून एलिमेंट सतत चालू राहतोय का? तेही नाही, कट-आउटचं बटण दाबून ओव्हन चालवला तर आत २०० अंश झाले की क्लॅम्पवरचा आकडा ८.६ वरून एकदम खाली येत होता, थोड्या वेळाने पुन्हा चढत होता. आत ठेवलेला वेगळा थर्मामीटर १९० ते २१० च्या दरम्यान खेळत होता. आतलं सगळं ठीक होतं.

मग ब्लोअरची परीक्षा. पातळ टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि दाराच्या वरच्या फटीसमोर धरली. आतला पंखा चालू होता, त्याचा आवाज स्वयंपाकघरभर होता. पट्टी सरळ खाली लटकत राहिली. जराही हलली नाही. पाच मिनिटांनी पुन्हा धरली, पंधरा मिनिटांनी पुन्हा. तशीच. निरोगी ओव्हनमध्ये ती पट्टी हातातून सुटू पाहते.

तरी मला ते घडताना पाहायचं होतं. कट-आउटच्या शेजारी थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार चिकटवली आणि ती बाहेर काढून पत्रा लावला. ओव्हन पुन्हा कपाटात सरकवून २३० अंशांवर तासभर चालवला. मी समोर बसून होतो. तासाने बंद केला. आकडा खाली यायला हवा होता. तो चढू लागला. एक एक अंशाने, घाई न करता. अकराव्या मिनिटाला कपाटाच्या आतून बारीकसा आवाज आला: टक. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "हेच का ते?" म्हणाल्या.

आता पर्याय मांडले. ताई, त्यांचे सासरे आणि मी असे तिघं बोलायला होतो.

एक, पुन्हा बटण दाबून द्यायचं आणि ओव्हन कमी वेळ, कमी तापमानावर वापरायचा. यात बिघाड तसाच राहतो आणि वायरींवरचं रबर-प्लॅस्टिक दर वापरागणिक कडक होत जातं.

दोन, कट-आउट डायरेक्ट करायचा, म्हणजे त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. हे सासऱ्यांनी सुचवलं. घरात दोन दिवसांनी कार्यक्रम होता. "अहो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग पार्ट आला की पुन्हा लावा." मागणी हट्टाची नव्हती, अडचण खरी होती. पण मी नाही म्हणालो, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी नाहीच म्हणेन. कट-आउट हा शेवटचा पहारेकरी असतो. एखाद्या दिवशी रिले चिकटला किंवा सेन्सर बिघडला तर एलिमेंट थांबवणारं त्याच्यामागे दुसरं कुणी नसतं, आणि भोवती लाकडाचं कपाट असतं. दोन दिवसांसाठी डायरेक्ट केलेली गोष्ट दोन वर्षं तशीच राहिलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे.

तीन, जास्त तापमानाचा कट-आउट बसवायचा. हा दुसऱ्याच पर्यायाचा सभ्य अवतार. तो पडणार नाही, उष्णता मात्र तेवढीच कोंडेल.

चार, ब्लोअर काढून साफ करायचा, तेल द्यायचं. पाच, ब्लोअर बदलायचा. सहा, ओव्हनच नवा घ्यायचा. सहावा आम्ही लगेच सोडला. एलिमेंट, सेन्सर, सर्किट सगळं उत्तम असताना एका मोटरसाठी अख्खं यंत्र टाकणं मला पटत नाही.

केलेली कामं

प्लग काढून ओव्हन पूर्ण गार होऊ दिला आणि वरचा पत्रा उघडला. ब्लोअरच्या पात्यांवर चिकट तेलकट धूळ, बोटाने ओढली तर दोरी निघावी तशी. मोटरपर्यंत वीज येते हे आधीच्या मोजणीत दिसलं होतं. आस हाताने फिरवून पाहिला: फिरत होता, पण जड, मधाच्या बरणीत चमचा फिरवावा तसा. या मोटरी शेडेड पोल जातीच्या असतात. साध्या, टिकाऊ, पण सुरू होतानाचा जोर त्यांच्यात फार कमी. बेअरिंगमधलं वंगण वाळलं की वीज मिळूनही त्या जागच्या हलत नाहीत, नुसत्या बारीक गुंजत राहतात. आतल्या पंख्याच्या आवाजात ती गुंज ऐकू येत नाही.

तेलाचे दोन थेंब दिले असते तर त्या दिवशी ती फिरली असती, याची मला खात्री आहे. कार्यक्रमही पार पडला असता. पण सतत गरम राहणाऱ्या जागी साधं तेल पुन्हा वाळतं, आणि मोटर बंद पडली हे घरात कुणालाही कळत नाही. याच प्रकरणात ते आठवडेच्या आठवडे कळलं नव्हतं. म्हणून नवीन ब्लोअर मागवला आणि पार्ट येईपर्यंत ओव्हनचा प्लग काढून ठेवला. सासरे थोडे नाराज झाले. ताईंनी मात्र तो टक आवाज स्वतः ऐकला होता, त्यांना फार समजवावं लागलं नाही.

ओव्हन बाहेर ओढलेला असतानाच आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या भेटीतही ती डोळ्यांसमोर होती, पण माझं लक्ष ओव्हनच्या मागच्या पत्र्यावर होतं. कपाटाच्या पाठीकडे पाहिलंच नव्हतं. काही महिन्यांपूर्वी कपाटाचं काम झालं होतं आणि पाठीमागची मोकळी जागा नव्या फळीने पूर्ण बंद केली होती. दिसायला काम सुबक होतं. पण ओव्हनबरोबर आलेल्या बसवणीच्या आकृतीत तिथे हवेसाठी जागा सोडायला सांगितलेली असते. ताईंनी माहितीपुस्तिका जपून ठेवली होती. आकृतीतल्या मापाप्रमाणे सुताराकडून फळी कापून घेतली.

मग आधी काय झालं? हवा कोंडली म्हणून मोटर तापून तिचं वंगण वाळलं, की मोटर स्वतःच्या वयाने थकली आणि बंद पाठीने त्यात भर घातली? माझा कल पहिल्याकडे आहे, कारण कपाटाचं काम आणि घरघर थांबणं यांच्या वेळा जवळजवळ आहेत. सिद्ध करता येणार नाही. म्हणूनच दोन्ही सुधारलं. एकच सुधारून थांबलो असतो तर तो पुन्हा अंदाजच झाला असता.

निष्पत्ती

नवा ब्लोअर बसवल्यावर तीच चाचणी पुन्हा केली: थर्मोकपल त्याच जागी, ओव्हन कपाटात, २३० अंश, पूर्ण एक तास. टिश्यूची पट्टी फटीसमोर धरली तर आडवी होऊन फडफडली. तासाने बंद केला. कट-आउटशेजारचा आकडा एक-दोन अंश वर गेला, थांबला आणि उतरू लागला. ब्लोअर पुढे साधारण वीस मिनिटं चालला आणि आपोआप थांबला. त्यानंतरही मी अर्धा तास बसलो. टक झालं नाही.

मजुरी एकाच भेटीची घेतली. पहिला कट-आउट बदलायची गरज नव्हती, म्हणून त्याची किंमतही वळती केली. सहा महिन्यांनी चौकशी केली तेव्हा ओव्हन नेहमीसारखा चालू होता, आणि ताई बंद केल्यावरची घरघर मुद्दाम ऐकून घेत होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी प्रश्न. "काय होत नाही" हे मी विचारलं, "कधीपासून, आणि कामाच्या कुठल्या टप्प्यावर" हे विचारलं नाही. पहिल्याच फोनमध्ये ताईंनी काल चालला होता असं सांगितलं होतं. आता माझ्या वहीत ओव्हनच्या प्रत्येक तक्रारीसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: शेवटचा वापर किती वेळाचा होता, बिघाड चालू असताना आला की पुढच्या वेळी लावताना, आणि बंद केल्यावर काही आवाज येतो का. "पंखा" हा शब्द मी आता वापरतच नाही. "वरच्या फटीतून वारा येतो का" असं विचारतो. त्याला दोन अर्थ निघत नाहीत.

दुसरं, चाचणीची लांबी. उष्णतेचा बिघाड वीस मिनिटांत दिसत नाही. ज्या वापरात यंत्र बिघडतं त्याच वापराची चाचणी हवी, आणि बंद केल्यानंतरचा अर्धा तासही तिचाच भाग धरायला हवा. वेळ जातो, हे खरं. दुसरी फेरी त्याहून जास्त वेळ खाते.

ओव्हन वापरणाऱ्यांना घरी तपासता येण्यासारखं यात बरंच आहे: घड्याळ लागलेलं आहे का, डेमो मोड चालू नाही ना, एमसीबी खाली पडलेला नाही ना, एकाच मोडमध्ये तापत नाही की सगळ्याच, आणि ती टिश्यूची पट्टी. त्यापुढे मागचा पत्रा उघडणं माहीतगारावर सोडावं. आणि यातलं काहीही मायक्रोवेव्हला लावू नये. त्याच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब धरून ठेवू शकतो. तो घरी उघडायचाच नाही.

पहिल्या भेटीत काढलेला जुना कट-आउट माझ्याकडे तसाच पडून होता. सगळं आटोपल्यावर एका संध्याकाळी तो टेबलावर पकडीत धरला, शेजारी थर्मोकपल ठेवलं आणि हॉट एअर गनने हळूहळू तापवला. त्यावर छापलेल्या तापमानाला दोन अंश कमी असताना तो टक करून पडला. गार झाल्यावर बटण दाबलं, पुन्हा तापवला. पुन्हा त्याच अंशाला. तो थकलेला नव्हताच.